हे आणखी कुणाला लागतं?

"डॉक्टरबाई यायच्या आधी सगळ्यांनी शिंकून घ्या," शेडबाळे सर म्हणाले आणि स्वतःच आधी शिंकले.

"शिंक काय सांगून येते होय सर?" पद्माताईंनी पदर नाकाला लावला. "खाली संकेश्वरी मिरची टाकलीय आज. डोळ्यातनं पाणी काढल्याशिवाय सोडायची नाही ती."

आमचं ऑफिस जयसिंगपुरात, मिरची कांडायच्या डंकाच्या वर होतं. उन्हं तापायला लागली की गावातल्या बायका डबे घेऊन वर्षाची चटणी करायला तिथं रांग लावायच्या. डंकाची लोखंडी मुसळं आळीपाळीनं उखळात पडायची आणि तो दणका भिंतीतून, फरशीतून आमच्यापर्यंत यायचा. टेबलावर ठेवलेले कप बशीत किणकिणायचे. खिडक्या दिवसभर बंद, तरी ठसका आत यायचाच. ठसक्याची सवय कधीच झाली नाही. आवाजाची मात्र इतकी झाली की तो चालू असताना कुणाला ऐकूच यायचा नाही.

त्या दिवशी ऑफिसात आम्ही चौघंच होतो. बाकीची मुलं डॉक्टर मगदूमबाईंच्या प्रसूतिगृहात वायरी टाकायला गेली होती. त्याच प्रसूतिगृहाच्या नावनोंदणीचं काम आम्ही करत होतो, आणि बाई ते बघायला यायच्या होत्या. हे काम बाईंना पसंत पडलं तर अजून तीन-चार दवाखाने मिळतील, अशी धन्यकुमार शेडबाळे सरांची आशा. पुण्यातली नोकरी सोडून त्यांनी गावात कंपनी काढली होती. इर्शाद नदाफ सर सगळ्यात जुने. कमी बोलायचे, आणि बोलताना चष्मा पुसत राहायचे. पद्माताई हिशोब, फोन, चहा आणि गावभरच्या बातम्या बघायच्या. मी सगळ्यात नवी.

सकाळपासून दोघा सरांचा वाद चालला होता. नेहमीचाच.

स्क्रीनवर जे काही दिसतं ना, त्याची मागं कुठंतरी आठवण ठेवावी लागते. कुठली यादी उघडी आहे, कुठल्या चौकटीत काय लिहिलंय, कुणी काय निवडलंय. ती आठवण ज्या त्या चौकटीनं स्वतःपाशी ठेवायची, की सगळ्या पानांची मिळून एकच मोठी आठवण करायची, यावर आमच्या धंद्यात घराघरात भांडणं आहेत. पहिलीला लोकल स्टेट म्हणतात, दुसरीला ग्लोबल. शेडबाळे सर पक्के दुसऱ्या पंथाचे होते, आणि त्याला कारण होतं. ऑफिसच्या यूपीएसची बॅटरी फुगून बसली होती, लाईट दिवसातून कधीही जायची, आणि एका गिऱ्हाईकाची सकाळभर भरलेली माहिती एकदा अशीच गेली होती. तेव्हापासून सरांचा नियम. कुणीही कुठंही एक अक्षर लिहिलं की ते त्या एका मोठ्या आठवणीत, म्हणजे स्टोअरमध्ये, जायचं, आणि तिथून लगेच मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर.

"सर, निदान अर्धवट लिहिलेलं तरी त्यातनं वगळू या," नदाफ सर चष्मा पुसत म्हणाले. "टाकी गच्चीवर एकच असावी, मान्य आहे. पण ओठाला लावलेला पेला ज्याचा त्याचा असतोय."

"आणि पेला सांडला की येणार माझ्याकडं. इथं लाईटचा भरवसा नाही, नदाफ."

"मी एवढंच विचारतोय, हे आणखी कुणाला लागतं? पेशंट बाई अजून सांगतेय, तिचं तिलाच ठरलेलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाला कशाला?"

"लागलं तर?"

"लागलं तर तेव्हा देऊ की."

"आणि न लागता तिथं पडून राहिलं तर काय बिघडतं?"

"सगळ्यांच्या जागी ठेवलेलं आज ना उद्या कुणीतरी उचलतंय, सर."

"घरातलंच आहे सगळं. चोर आहेत काय इथं?"

"आणि लपवण्यासारखं काय असतंय ओ बाळंतपणात?" पद्माताई म्हणाल्या. "पोट काय झाकून राहतंय?"

सगळे हसले. मीही हसले. आणि हसताना हात पोटाकडं जाऊ नये म्हणून मी तो की-बोर्डवर ठेवला.

मला दिवस गेले होते. ते फक्त विक्रांतला माहीत होतं.

याआधी दोनदा राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकलं नव्हतं. पहिल्या वेळी सासूबाईंनी दुसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले. त्यांच्या आनंदाला मी कधीच नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही. मिठाईवाल्याकडून स्वतः चालत डबे आणले होते त्यांनी, दुखऱ्या गुडघ्यांनी. पण पेढे एका संध्याकाळी वाटून झाले, आणि ते परत घ्यायला मला सगळा पावसाळा लागला. भाजीला गेले तर कुणीतरी विचारायचं, "आता कितवा?" गिरणीत गेले तर कुणीतरी म्हणायचं, "अजून दिसत नाही गं काही." प्रत्येकीला नव्यानं सांगायचं. प्रत्येकीच्या तोंडून तेच 'अगं बाई' ऐकायचं. तीन महिने भरल्याशिवाय सांगू नये असं जुन्या बायका का म्हणतात, ते तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी घरच्यांनाच सांगितलं, तरी ते गल्लीत पोचलं. या वेळी मी विक्रांतकडून वचनच घेतलं. तीन महिने भरेपर्यंत कुणालाही नाही. माझ्या आईलासुद्धा नाही.

पद्माताई आमच्या घरापासून दोन दारं पलीकडं राहायच्या. ऑफिसात दुपारी कळलेली गोष्ट दिवेलागणीला आमच्या ओट्यावर असायची. त्यांचं मन वाईट नव्हतं. त्यांच्यापाशी काही राहतच नव्हतं, एवढंच.

मगदूमबाई आल्या. उंच, सुती साडी, पायात साधे सँडल. जिना चढून आल्या आणि दारातच ठसकल्या.

"शेडबाळे, तुमच्याकडं यायचं म्हणजे नाकाचा विमा काढायला पाहिजे."

"बसा बसा बाई, आत बसा, केबिनमध्ये कमी येतो," म्हणत सर त्यांना आत घेऊन गेले. जाता जाता माझ्याकडं वळले. "गौतमी, तुम्ही काउंटर दोनला बसा. एखादी नोंद निम्मी भरून ठेवा. जतन मात्र करू नका. मी एक गंमत दाखवणार आहे बाईंना."

आमच्या हॉलच्या दोन टोकांना दोन कॉम्प्युटर ठेवले होते. ते प्रसूतिगृहातले दोन काउंटर. भिंतीवरचा मोठा टीव्ही म्हणजे डॉक्टरांची खोली. काउंटर एकवर नदाफ सर बसले होते, त्यांच्या पाठीशी मागच्या खोलीचं दार. काउंटर दोनवर मी, टीव्हीकडं पाठ करून. टीव्ही अजून बंद होता.

मी नोंद भरायला घेतली. नाव काय घालावं सुचेना, म्हणून ती चौकट मोकळी सोडली. वय घातलं. मग पाळीच्या, बाळंतपणाच्या तारखा आल्या. चुकीच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या तारखा टाकल्या तर फॉर्म पुढंच जात नव्हता. ती तपासणी मीच लिहिली होती. आणि न चुकता जुळतील अशा मला तोंडपाठ असलेल्या तारखा एकाच बाईच्या होत्या. त्या टाकल्या. 'यापूर्वीची गर्भधारणा' या चौकटीत दोन टाकलं. मग शेवटची मोठी चौकट आली. ती मगदूमबाईंनी सांगून घालून घेतली होती. 'तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?'

तो प्रश्न मीच टाईप केला होता, अगदी प्रश्नचिन्हासकट. पण तेव्हा तो मला विचारलेला नव्हता.

केबिनमधून सरांचा आवाज येत होता. पद्माताई चहाचं आधण ठेवत होत्या. मी लिहिलं, "याआधी दोनदा टिकलं नाही. या वेळी खूप भीती वाटते. घरी माहीत नाही. कृपया कुणाला सांगू नका."

लिहून त्याच्याकडं बघत बसले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. हे स्टोअरमध्ये जातंय, सर्व्हरवर जातंय, ते मला ठाऊक होतं. पण तिथं कोण वाचायला बसलंय? डॉक्टरांच्या स्क्रीनचं पान मीच लिहिलं होतं, त्यावर फक्त जतन केलेल्या नोंदी दिसायच्या. अजून एकदा वाचते आणि पुसून टाकते, असं म्हणते आहे तोवर केबिनचं दार उघडलं.

"आता बघा बाई," सर म्हणत होते. "काल संध्याकाळी बसून मी स्वतः केलंय हे. या आमच्या मुलांनाही माहीत नाही. तिकडं काउंटरवर नोंद नुसती चालू आहे. जतनसुद्धा केलेली नाही. आणि तुमच्या खोलीत ती अक्षर न् अक्षर दिसत राहणार. पेशंट आत यायच्या आधी तुम्हाला सगळं माहीत."

मला त्यांचं बोलणं समजायला वेळ लागला. कानावर शब्द येत होते, अर्थ मागून येत होता.

पद्माताई चहाचा ट्रे घेऊन टीव्हीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही गंमत बघायची होती. सरांनी रिमोट दाबला. टीव्ही जुना, उजळायला वेळ घ्यायचा. तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी मान वळवली. टीव्ही निळा झाला, पांढरा झाला, आणि वर एक पट्टी उमटली, 'काउंटर दोन: गौतमी लिहीत आहे'. खाली वय. खाली पहिली तारीख.

आणि अंधार झाला.

खिडक्या बंद, दारं लावलेली. भर दुपारी हॉलमध्ये एकमेकांची तोंडं दिसेनाशी झाली. पंखा हळू होत होत थांबला. पद्माताईंच्या ट्रेमधले कप बशीत किणकिणत होते.

"गेली," पद्माताई म्हणाल्या.

मला देवाचं नावसुद्धा आठवेना, इतकं हायसं वाटलं. पण ते टिकलं नाही, कारण शेडबाळे सर अंधारात टाळी वाजवून म्हणाले, "हे तर फारच बेस झालं. बाई, ठरवून होणार नाही असा योग आलाय. आता लाईट येऊ दे. लिहिलेलं सगळं जसंच्या तसं परत येतं का नाही, ते बघाच तुम्ही."

माझ्यासमोर बंद पडलेला कॉम्प्युटर होता, त्यावर मघाशी मी लिहिलेलं होतं, आणि त्याला हात लावून काही उपयोग नव्हता. माझं लिहिलेलं माझ्यापाशी नव्हतंच. म्हणून मला ते पुसताही येत नव्हतं. लाईट आली की ते टीव्हीवर येणार, सर ते मोठ्यानं वाचणार, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर सासूबाई पद्माताईंना विचारत असणार, "आमच्या गौतमीनं तुम्हाला सांगितलं, आणि मला नाही?"

"नदाफ," सरांनी हाक मारली, "सर्व्हरकडं लक्ष असू दे हो."

"बघतोय सर," मागच्या खोलीतून आवाज आला.

मगदूमबाई खुर्ची चाचपत माझ्या शेजारी बसल्या. हातातल्या फाईलनं वारा घ्यायला लागल्या. "आमच्याकडंपण असंच असतंय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "काय गं, बरं नाही का तुला? श्वास केवढा लागलाय."

"ठसका, बाई."

"हं," त्या म्हणाल्या, आणि वारा माझ्या बाजूला घ्यायला लागल्या.

लाईट आली. पंखा फिरला. टीव्ही पुन्हा निळा झाला, पांढरा झाला. मी खाली बघत राहिले. सर कधी वाचायला लागतात त्याची वाट बघितली. शेवटी मान वर केली.

टीव्हीवर एवढंच होतं, 'एकही अपूर्ण नोंद नाही.'

सरांनी रिमोटनं पान पुन्हा उघडलं. तेच. माझ्या स्क्रीनवर येऊन बघितलं. तिथंही कोरा फॉर्म.

"नदाफ?"

नदाफ सर रुमालानं हात पुसत मागच्या खोलीतून बाहेर आले. "गेलं सर. अपूर्ण नोंदी पुसल्या गेल्या."

"पुसल्या गेल्या म्हणजे? आपोआप?"

"साफसफाईचा एक प्रोग्राम ठेवला होता मी. भलत्या वेळी चालला. माझीच चूक."

शेडबाळे सरांचा चेहरा मला आजही दिसतो. रागाआधी त्यावर जे आलं ते लहान मुलाचं होतं, फुगा फुटल्यावर येतं तसं. मग राग आला. "इतकी वर्षं काढलीत इथं, नदाफ. शिकाऊ पोरगं असतं तर समजलो असतो. पाहुण्यांसमोर नाक कापलंत तुम्ही माझं."

नदाफ सर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"थांबा हो शेडबाळे," मगदूमबाई म्हणाल्या. "माणसाला नंतर बोला. मला आधी हे सांगा, जतन न केलेलं माझ्या खोलीत दिसणार होतं?"

"हो ना. तेच तर."

"मग नको मला ते."

"बाई, सोय आहे ही..."

"सोय असंल. पण बाई काउंटरवर येते तेव्हा शेजारी नवरा असतो, सासू असते. ती निम्मं सांगते, मग म्हणते, खोडा. तिनं खोडायला लावलेलं मी आत बसून वाचलं, तर ती परत माझी पायरी चढंल का? आणि लाईट गेल्यावर माझ्या मुलींनी सगळं पहिल्यापासून लिहायचं, तेही मला चालायचं नाही. दोन्ही जमवा. कसं ते तुमचं तुम्ही बघा."

"त्याच काउंटरच्या ब्राउझरमध्ये ठेवता येतं, बाई," नदाफ सर म्हणाले. "लाईट गेली तरी तिथंच राहतं. जतन करेपर्यंत दुसरीकडं कुठं जात नाही. जतन केलं की पुसून जातं."

"मग हे आधी का नाही केलं?"

नदाफ सरांनी शेडबाळे सरांकडं बघितलंसुद्धा नाही. "राहून गेलं," म्हणाले.

काम आमच्याकडंच राहिलं. पण शेडबाळे सरांच्या मनातून ते गेलं नाही. सर्व्हरचं काम त्यांनी नदाफ सरांकडून काढून घेतलं, आणि कितीतरी दिवस त्यांना दवाखान्यात प्रिंटर जोडायला पाठवलं. 'डस्टर' हे नाव मुलांनी पाडलं. सगळं पुसून टाकणारे. "डस्टर सर आले का?" असं पद्माताईसुद्धा त्यांच्या मागं विचारायच्या. त्यांच्या कानावर जायचं, ते ऐकू आलं नाही असं करायचे.

त्या दिवशी बाई गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले होते. माझा फॉर्म उघडायला लावला, आणि एकेका चौकटीवर बोट ठेवून विचारायला लागले.

"ही यादी उघडी आहे का मिटलेली, हे आणखी कुणाला लागतं?"

"कुणालाच नाही."

"मग तिच्यापाशीच ठेव. ही तारीख, टाईप करत असताना?"

"नाही लागत."

"जतन केल्यावर?"

"डॉक्टरांना लागते."

"मग तेव्हा दे. आणि ही शेवटची चौकट?"

ते स्क्रीनकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

"ही सगळ्यात जपून," ते म्हणाले. "लिहिणाऱ्याला वाटंल तेव्हाच बाहेर जायला पाहिजे. घाई नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी आले तर माझं टेबल जिन्याच्या दाराजवळून हलवून आतल्या भिंतीला लावलेलं. "इथं नेट बरं येतं," नदाफ सर म्हणाले. नेट तिथं काही वेगळं येत नव्हतं. ठसका मात्र कमी यायचा. जिन्यात मिरचीची पोती पडलेली असायची, ती एका कडेला रचून घ्यायला त्यांनी डंकवाल्याला सांगितलं. "कुणीतरी पाय अडकून पडंल," एवढंच.

तीन महिने भरले. चौथा लागला तेव्हा मी आधी आईला सांगितलं, मग सासूबाईंना. सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "आता वाटू का पेढे?" मी हो म्हणाले. ऑफिसातही पेढे नेले. पद्माताई मला हाणायलाच उठल्या, "अगं, शेजारी राहून मला पत्ता नाही?" शेडबाळे सरांनी पगारी सुट्टी किती देता येईल ते लगेच मोजायला घेतलं. नदाफ सरांनी पेढा घेतला, निम्मा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, "अरे वा. कधी कळलं?"

"आत्ताच, सर."

"छान. छान झालं."

मिहिका झाली. नंतर विक्रांतची बदली झाली आणि आम्ही मिरजेला आलो. नदाफ सर बेळगावला गेले, तिथं त्यांचं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. मी आता घरूनच काम करते, मिहू शाळेत गेली की, आणि दुपारी ती झोपली की. हेही तसंच लिहितेय. तिचा एक पाय माझ्या मांडीवर आहे, तो हलला की थांबायचं.

इतकी वर्षं मी त्या दुपारचे आभार कुणाचे मानत होते सांगू? लाईटचे. खरंच. घरात लाईट गेली, सगळे वैतागले की मी मनातल्या मनात हात जोडायचे. विक्रांत चिडवायचा. "अख्ख्या महाराष्ट्रात लाईट गेल्यावर हसणारी बाई एकटी माझ्या घरात आहे." मी म्हणायचे, "तुला काय माहीत, तिनं माझं काय काय सांभाळलंय." नदाफ सरांचा प्रोग्राम नेमका त्याच वेळी चुकीचा चालला, हेही मी नशीबच समजत होते. चांगल्या माणसाच्या हातून माझ्या भल्यासाठी झालेली चूक. दर दिवाळीला त्यांना फोन करायचे, पण ते जुने वरिष्ठ म्हणून.

परवा सासूबाईंनी मिरच्या निवडून, देठ काढून, उन्हात कडकडीत वाळवून दिल्या. त्या घेऊन मी आणि मिहू मिरजेतल्या डंकावर गेलो. मिहू पहिल्यांदाच आली होती. मुसळं वर-खाली होताना बघून तिचे डोळे मोठे झाले. नाकाला रुमाल बांधलेला, त्यातून ओरडून विचारत होती, "आई, ही दमत नाहीत का?" आमचा डबा निम्मा झाला होता.

आणि लाईट गेली.

मुसळं थांबली. एक अर्ध्यावर लटकलं, बाकीची उखळात पडून राहिली. पत्र्याच्या त्या खोलीत अशी शांतता झाली की बाहेरच्या सायकलची साखळी ऐकू आली. बाकावर कुणाचातरी चहाचा कप ठेवलेला होता. इतका वेळ बशीत किणकिणत होता, तो गप्प झाला.

मी त्या कपाकडं बघत राहिले.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं."

त्या दुपारी अंधारात पद्माताईंच्या ट्रेमधले कप वाजत होते. मला वाटलं होतं, त्यांचा हात हलतोय. लाईट गेली म्हणून आम्ही सगळे बसलो होतो, सर टाळी वाजवत होते, बाई वारा घेत होत्या, आणि आमच्या पायाखाली डंक चालूच होता. खुर्ची सरकल्याचा आवाज. काउंटर एकवर जो बसला होता त्याच्या पाठीशी मागच्या खोलीचं दार. त्या खोलीत सर्व्हर, आणि सर्व्हरशेजारी भिंतीवर नुसत्या हॉलचा मेन स्विच, सर्व्हरची लाईन वेगळी. स्टोअर सगळ्यांचं एकच, म्हणून नदाफ सरांच्या स्क्रीनवर ते माझ्या नावासकट आलं असणार, जुना टीव्ही उजळायच्या आधी.

मी बाहेर ओट्यावर आले आणि तिथूनच फोन लावला.

"बोल गौतमी. आज दिवाळी कुठली?"

"सर, एक विचारायचं होतं. मगदूमबाई आल्या होत्या ना ऑफिसात, त्या दिवशी लाईट गेली होती..."

"हां. गेली होती की."

"नव्हती गेली, सर."

पलीकडं कापड घासल्याचा आवाज. चष्मा पुसत असावेत.

"खाली डंक चालू होता," मी म्हणाले.

"डंकाचं काय, वेगळ्या फेजवर असंल तो."

"सर, तुम्हाला त्यावरून डस्टर म्हणायचे सगळे."

"पोरं काहीही म्हणतात." मग, "मुलगी कशी आहे?"

"इथंच आहे. डंकावर आणलंय. ठसका लागलाय, तरी हलायला तयार नाही."

"गुळाचा खडा दे तिला. पाणी देऊ नको, पाण्यानं वाढतोय."

"सर..."

"लाईट गेली होती, गौतमी," ते म्हणाले. आवाज अगदी तोच, 'ही सगळ्यात जपून' म्हणतानाचा.

मी ठसकले. ते मिरचीनं, असं कुणालाही वाटलं असतं.

"हो सर," मी म्हणाले. "गेली होती."

तेवढ्यात आत मुसळं हलली. आधी एक, मग सगळी. ओटा पायाखाली दणाणायला लागला, आणि मिहू आतून ओरडत आली.

"आली वाटतं लाईट," फोनवर नदाफ सर म्हणाले.

"आली, सर."